वाचून इंग्रजी शब्द किती वाढले? घरच्या घरी मोजायची पद्धत

नवी मुंबईत रबाळ्याच्या एमआयडीसीत आमची औषधांची लॅब आहे. 'शुद्धता बरीच वाढलेली वाटते' असा रिपोर्ट तिथे मी लिहिला तर कुणी सही करणार नाही. किती वाढली, कोणत्या पद्धतीने मोजली, कशाशी ताडून पाहिली, हे आधी विचारतील. तीच माणसं डब्याच्या वेळी मात्र एकमेकांना सांगत असतात, 'इंग्रजी कादंबऱ्या वाच रे, शब्द आपोआप वाढतात.' वाढतात, मान्य. पण किती? आणि वाढलेले किती टिकतात? हे कुणी मोजून पाहिलेलं मला तरी भेटलं नव्हतं. म्हणून मी मोजायला लागलो, आणि ती पद्धत इथे देतोय.

मी मराठी माध्यमाचा. कामाचं इंग्रजी येतं: एसओपी (काम कसं करायचं याच्या लेखी सूचना), ऑडिटचे मेल, बॅच रिपोर्ट. त्या इंग्रजीत कुणी दचकत नाही, कुजबुजत नाही, खांदे उडवत नाही. गोष्टीतलं इंग्रजी वेगळं. ते मी ठाणे-वाशी गाडीत वाचायला लागलो, कारण गाडी ठाण्याहूनच सुटते आणि जरा लवकरची पकडली तर बसायला मिळतं. दिघा गाव, ऐरोली, रबाळे एवढाच प्रवास. जाताना चार-पाच पानं, येताना चार-पाच. गुप्तहेरकथा, सागरी प्रवास, भुताच्या गोष्टी, जे आवडेल ते. परीक्षा नाही, प्रमोशन नाही, निव्वळ मजा म्हणून. अशा वाचनाचं मोजमाप करायचं तर पहिली अट हीच, की मोजण्यापायी मजा जाता कामा नये. पुढचे सगळे नियम या अटीला सांभाळून आहेत.

सामान फारसं लागत नाही. एक पुस्तक, एक शंभर पानी वही, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची सत्तरेक कार्डं आणि घरातलं एक खमकं माणूस. आमच्याकडे ते माणूस म्हणजे अकरावीतली लेक.

तयार चाचणी कामाची आहे, पण या कामाची नाही

'आपली शब्दसंपत्ती किती' असं नेटवर शोधलं की ढीगभर चाचण्या निघतात. त्यातली बऱ्यापैकी विश्वासाची म्हणजे व्होकॅब्युलरी साइझ टेस्ट. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातले पॉल नेशन यांचं सगळं काम याच विषयातलं. त्यांनी आणि डेव्हिड बेग्लर यांनी २००७ मध्ये ही चाचणी मांडली. वापरात जास्त असलेले शब्द आधी, कमी असलेले नंतर, असे हजार-हजारांचे १४ गट केले आणि प्रत्येक गटातून १० शब्द उचलले. एकूण १४० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. जेवढी उत्तरं बरोबर, त्याला १०० ने गुणायचं, की झाली तुमची शब्दसंख्या.

इथे शब्द म्हणजे एक अख्खं कुटुंब. डिसाइड, डिसाइड्स, डिसायडेड, डिसायडिंग हे चार नाहीत, एकच. मोजायला बसण्याआधी हे स्वतःशी पक्कं करून घ्या. नाहीतर एकाच शब्दाची चार रूपं चार ठिकाणी मोजली जातात आणि आकडा उगाच फुगतो. माणसांची आणि गावांची नावं तर मोजायचीच नाहीत.

आता या चाचणीतली मेख बघा. चार पर्याय आहेत, म्हणजे डोळे मिटून टिक केलं तरी १४० पैकी ३५ बरोबर येतात. गुणिले १००, म्हणजे ३५००. इंग्रजीचं अक्षर न ओळखणाऱ्यालाही साडेतीन हजार शब्द येतात असा निकाल! म्हणून ही चाचणी देताना ठोकून द्यायचं नाही, माहीत नसेल तो प्रश्न कोरा सोडायचा.

तेवढं पाळलं तरी दुसरी अडचण उरतेच. यातला एक प्रश्न १०० शब्दांच्या वतीने उभा असतो. एका कादंबरीतून तुम्ही समजा ३० नवे शब्द उचललेत, तर त्यातला एखादाही त्या १४० मध्ये असण्याची शक्यता कमीच. किलो मोजायच्या वजनकाट्यावर मिलिग्रॅम ठेवल्यासारखं आहे ते. काटा बहुधा हलणारच नाही. आणि हलला नाही म्हणून लोक निराश होतात. वर्षातून एकदा द्या, आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि विसरून जा. एका पुस्तकाचा परिणाम बघायचा तर त्याच पुस्तकातले शब्द हवेत.

पुस्तक कुठलं घ्यायचं

हू आणि नेशन यांनी २००० साली केलेला एक अभ्यास या विषयात सगळीकडे सापडतो. शब्दकोश न उघडता गोष्ट नीट समजायची असेल तर पानावरचे साधारण ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, असं त्यातून निघालं. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. तीनशे शब्दांचं पान धरलं तर सहा. पुस्तक घेण्याआधी मधलं कुठलंही पान उघडा आणि बोटं दुमडत वाचा. एका हाताची बोटं संपून दुसऱ्या हाताचं एखादं दुमडलं, तर ठीक. दोन्ही हात संपले तर ते पुस्तक सध्या ठेवून द्या.

मोठ्यांसाठी लिहिलेल्या साध्या कादंबरीत ही ९८ टक्क्यांची पातळी गाठायला आठ-नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, असा नेशन यांचा २००६ चा हिशेब आहे. बहुतेकांकडे एवढे नसतात. त्यांनी पातळी ठरवून सोपी केलेली पुस्तकं, म्हणजे ग्रेडेड रीडर्स घ्यावीत. त्यात कमीपणा वाटायचं कारण नाही. आमच्या पॅकिंग खात्यातला एकजण त्यांना 'बालवाडीची पुस्तकं' म्हणतो आणि स्वतः आठवीनंतर इंग्रजीचं एकही पान वाचत नाही.

शब्द मोजायचे असतील तर पुस्तकाची टेक्स्ट फाइल मिळालेली बरी. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर कॉपीराइट संपलेली हजारो इंग्रजी पुस्तकं फुकट आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गुप्तहेरकथा तिथे भरपूर. भाषा थोडी जुनी असते, पण चालून जाते. फाइल का हवी ते पुढे येईलच. वाचा मात्र कागदावर, किंवा जसं आवडतं तसं.

शब्द तुम्ही निवडायचे नाहीत

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण मोजमाप बिघडतं ते इथेच. वाचणाऱ्याने स्वतःच अवघड शब्दांची यादी केली, की ती करतानाच ते शब्द डोक्यात बसतात. मग पुस्तक वाचताना तो शब्द दिसला की 'अरे, हा यादीतला!' म्हणून डोळा थबकतो. ते मजेसाठीचं वाचन उरत नाही, शिकवणी होते. आणि मोजलं जातं ते शिकवणीचं फळ.

म्हणून निवड घरातल्या खमक्या माणसाकडे द्यायची. आमच्या लेकीला मी एवढंच सांगितलं, की पान ७, २७, ४७, ६७ असं वीस-वीस पानांच्या अंतराने जा आणि त्या पानावर बाबाला अडेल असं वाटेल ते उचल. अंतर ठरलेलं असलं की 'हा शब्द भारी आहे' म्हणून निवड होत नाही. लॅबमध्ये ड्रमच्या वरच्याच थरातून सॅम्पल घेत नाहीत, त्याचं कारणही हेच. असे ४० शब्द तिने काढायचे.

शब्द काढले की प्रत्येक शब्द पुस्तकात किती वेळा आला आहे ते बघायचं. फाइल यासाठी. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातले लॉरेन्स अँथनी यांनी बनवलेलं अँटकॉन्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फाइल टाकली की कुठला शब्द किती वेळा आला याची यादी काढून देतं. ती यादी पहिल्यांदा बघाल तेव्हा डोळे उघडतील. पुस्तकातल्या वेगवेगळ्या शब्दांपैकी जवळपास निम्मे अख्ख्या पुस्तकात फक्त एकदाच आलेले असतात! 'द', 'अँड', 'ऑफ' हजारोंनी, आणि आपल्याला अडलेला तो शब्द एकदाच, तोही पान १३२ वर, रबाळ्याला उतरायच्या घाईत वाचलेला. तो नाही राहिला लक्षात तर नवल काय. म्हणून ४० शब्दांत एकदाच आलेले, दोन ते चार वेळा आलेले आणि पाच किंवा जास्त वेळा आलेले, असे तिन्ही प्रकार असू द्या. पाचवाले कमी मिळतात. मिळतील तेवढे घ्या.

आता आणखी २० शब्द असे हवेत, जे साधारण तितकेच अवघड आहेत पण या पुस्तकात एकदाही नाहीत. तुम्ही एवढ्यात वाचणार नसाल अशा त्याच धाटणीच्या दुसऱ्या पुस्तकातून ते काढायचे, आणि फाइलमध्ये शोधून खात्री करायची. हे वीस कशाला? अहो, आपण काही गुहेत राहत नाही. ऑफिसचे मेल, ओटीटीवरच्या मालिकांची सबटायटल्स, मुलांची पुस्तकं, ठाणे स्टेशनवरच्या जाहिराती, सगळीकडून इंग्रजी येतच असतं. त्या तीन-चार महिन्यांत पुस्तक न वाचताही काही शब्द येणारच होते. ते किती, हे हे वीस शब्द सांगतात. पुस्तकाच्या श्रेयातून तेवढं वजा करायचं. ही वजाबाकी न करता 'वाचनाने इतके शब्द वाढले' म्हणणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

शेवटी १० शब्द असे, जे इंग्रजीत अस्तित्वातच नाहीत. दिसायला इंग्रजी, पण बनावट. फ्लिंबर, ग्रस्टल, असले काहीतरी. लेकीला या कामात सगळ्यात जास्त मजा आली. बनवून झाल्यावर शब्दकोशात पाहून घ्या, कारण इंग्रजीत काय असेल सांगता येत नाही. शब्दसंपत्तीचे अभ्यासक पॉल मीरा यांनी ही युक्ती १९८० च्या दशकात शब्दसंख्येच्या चाचण्यांत रुळवली. 'माहीत आहे' म्हणायची आपली खोड किती आहे, ते या दहांतून कळतं. आमच्या लॅबच्या भाषेत हे ब्लँक रीडिंग, म्हणजे सॅम्पल न घालताच यंत्र जो आकडा दाखवतं तो.

चाळीस, वीस आणि दहा, सत्तर कार्डं. एका बाजूला शब्द, मागे बारीक अक्षरात तो कुठल्या गटातला ते. पत्त्यांसारखी पिसून घ्यायची.

चाचणीला बसायचं कसं

बैठका एकूण तीन. पुस्तक सुरू करायच्या दोन-तीन आठवडे आधी पहिली बैठक. मध्ये एवढं अंतर ठेवायचं ते यादीतले शब्द डोक्यातून निघून जावेत म्हणून. बैठकीनंतर कार्डं वाचणाऱ्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवायची. आमच्याकडे ती देव्हाऱ्याखालच्या खणात जातात, कारण तिथे मी सहसा हात घालत नाही.

शब्द दाखवायचा, बोलायचा नाही. गाडीत मनातल्या मनात वाचलेल्या शब्दाचा चेहरा आपल्याला ठाऊक असतो, आवाज नसतो. लेकीने तोच शब्द तिच्या उच्चारात म्हटला तर मी कपाळाला आठ्या घालतो आणि कार्ड बघितलं की 'अच्छा, हा होय' म्हणतो. वाचून काय आलं ते मोजायचंय, तर कार्डच दाखवा.

प्रत्येक शब्दाला शून्य ते तीन. शून्य म्हणजे हा शब्द बघितल्याचं आठवत नाही. एक म्हणजे बघितलाय, पण अर्थ सांगता येणार नाही. दोन म्हणजे अर्थ साधारण असा असावा. तीन म्हणजे अर्थ माहीत आहे आणि वाक्यात घालून दाखवतो. कॅनडात वेशे आणि परिबख्त यांनी १९९६ मध्ये अशीच पाच पायऱ्यांची पट्टी मांडली होती. मला चार पुरतात. पायऱ्या का हव्यात? कारण शब्द कधी 'येत नाही' वरून एकदम 'येतो' वर उडी मारत नाही. आधी चेहरा ओळखीचा होतो, मग अर्थाचा अंदाज येतो, मग नक्की होतो. नुसतं हो-नाही विचारलं तर मधल्या पायऱ्यांवरची सगळी कमाई दिसेनाशी होते, आणि वाचनातून होणारी कमाई बहुतेक त्या मधल्या पायऱ्यांवरच असते.

दोन किंवा तीन म्हटलं की अर्थ मराठीत सांगायचाच, त्यात सूट नाही. आमचा एक संवाद देतो. कार्ड आलं 'ग्रोप'.

"तीन," मी म्हटलं.

"अर्थ सांग."

"शोधणे."

"कसं शोधणे?"

"हाताने... काहीतरी शोधणे."

"दिसत असताना की नसताना?"

इथे मी गप्प. तिने दोन लिहिले आणि पुढचं कार्ड काढलं. बरोबर केलं. चाचपडण्यातला अंधार सुटला, तर तीन कसे मिळतील? बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "जरा सढळ हाताने दे गं मार्क." पण सढळ हात नकोच. आधी सढळ आणि नंतर कडक, किंवा उलटं, असं झालं तर सगळी तुलनाच मोडते. हात कडक असो वा सैल, तिन्ही बैठकांना तोच हवा, आणि परीक्षकही तोच.

अंदाजाने अर्थ सांगितल्यावर बरोबर की चूक हे परीक्षकाने सांगायचं नाही. चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही. पर्याय देऊन विचारायची हौस असेल तर आधी बिनपर्यायाची सगळी कार्डं उरकून घ्या, मगच पर्याय दाखवा. उलटं केलं तर पर्यायच अर्थ शिकवून जातात.

मग पुस्तक वाचा. पेन्सिल नको, रेघा नकोत, मोबाइलमधला शब्दकोश नको. अगदी अडलंच आणि शब्दकोश बघितला तर काही पाप नाही, पण वहीत तशी नोंद करा, कारण तो शब्द मग नुसत्या वाचनाने आला असं म्हणता येणार नाही. पुस्तक आवडलं नाही तर सरळ सोडून द्या. कार्डं फुकट गेली तर जाऊ देत. मोजायचं आहे म्हणून कंटाळवाणं पुस्तक रेटलंत तर मोजता ते मजेचं वाचन नव्हे.

लगेच, आणि तीन महिन्यांनी

पुस्तक संपल्याच्या आठवड्यात दुसरी बैठक. तिसरी तीन महिन्यांनी. औषध बनवून झालं की ते आज ठीक आहे एवढ्यावर काम संपत नाही, स्टॅबिलिटीचं, म्हणजे टिकाऊपणाचं, सॅम्पल ठेवून तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासतात. गणपतीत पुस्तक संपलं तर तिसरी बैठक नाताळाच्या सुट्टीत लावा, म्हणजे विसरायला होत नाही.

तिसरी बैठक गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो आणि नेमकी तीच खरी असते. रॉब वॉरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी २००३ मध्ये जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध केला. १५ जणींना एक सोपं केलेलं इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं. त्यातल्या २५ शब्दांच्या जागी बनावट शब्द घातलेले होते, म्हणजे आधीपासून माहीत असायचा प्रश्नच नाही. वाचून झाल्याबरोबर विचारलं, तर सरासरी १५.३ शब्द बघितल्याचं त्यांनी ओळखलं. चार पर्यायांतून अर्थ निवडायला दिला तर १०.६ बरोबर. पर्याय न देता अर्थ सांगा म्हटलं तर ४.६. तीन महिन्यांनी पर्यायांतून ६.१ आणि बिनपर्यायाने ०.९. पंचवीसातला एकसुद्धा धड नाही!

एकाच वाचनाचे हे सगळे आकडे आहेत. कुणी पहिला आकडा घेऊन वाचनाचं गुणगान करील, कुणी शेवटचा घेऊन वाचन कुचकामी ठरवील. म्हणून तुमच्या वहीतही आकड्याशेजारी कशी विचारणा केली आणि केव्हा केली हे लिहिलेलं असलंच पाहिजे. आणि तिसऱ्या बैठकीत तुमचा आकडा धाडकन खाली आला तर पद्धत चुकली असं समजू नका. तो तसाच येतो.

फाइल असली की शब्द बदलून बनावट घालायची जपानी युक्ती आपल्यालाही जमेल: शोधा आणि बदला, दोन मिनिटांचं काम. पहिली बैठकही टळते. पण मला ते पटत नाही. पन्नाशीकडे झुकलेल्या डोक्यात खोटे शब्द कोंबायला जागा कुठे आहे?

हिशेब

आधी ब्लँक बघा. समजा ४० पैकी २४ शब्दांना तुम्ही दोन किंवा तीन म्हणालात, म्हणजे ६० टक्के. आणि दहा बनावट शब्दांपैकी दोनांनाही तसंच म्हणालात, म्हणजे २० टक्के. मग ६० मधून २० वजा करायचे, ४०, आणि त्याला ८० ने (शंभरातून तेच २० गेले की उरतात ते) भागायचं. उत्तर निम्मे. म्हणजे २४ नव्हे, २० धरायचे. अर्थ सांगायची सक्ती असली तर बनावट शब्दांना हो म्हणायचं प्रमाण आपोआप उतरतं. तरी दहातल्या तीन-चारांवर फसत असाल तर ती बैठकच रद्द करा आणि आठवड्याने शांतपणे बसा.

मग वजाबाकी. समजा पुस्तकातल्या ४० पैकी दोन किंवा वरच्या पायरीवर आधी १० होते, नंतर १८ झाले, म्हणजे २० टक्क्यांची वाढ. पुस्तकात नसलेल्या २० पैकी आधी ५, नंतर ६, म्हणजे ५ टक्के. पुस्तकाच्या खात्यावर १५ टक्के, चाळीसातले सहा. ते सहाच का, असं वाटून घेऊ नका. चाळीस हा नमुना आहे, पुस्तकात अनोळखी शब्द त्याहून खूप जास्त असतात.

मात्र या १५ ला चिकटून बसू नका. चाळीसच शब्दांच्या नमुन्यावर १५ टक्के आले तर खरा आकडा साधारण ४ पासून २६ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि दोन गटांची वजाबाकी केली की पट्टा आणखी रुंद होतो. दशांशात उत्तर लिहू नका. एका पुस्तकावरून निष्कर्ष काढू नका. दोन-तीन पुस्तकांचे आकडे एकत्र केले की मग थोडं बोलता येतं.

सरासरीपेक्षा मला आवडतो तो चौकोन. चार आडव्या ओळी, चार उभे रकाने, शून्य ते तीन. आडवी ओळ म्हणजे शब्द आधी कुठे होता, उभा रकाना म्हणजे नंतर कुठे गेला. प्रत्येक शब्दाची एक काडी. कोण शून्यावरून एकवर आले, कोण एकावरून तीनवर, सगळं एका नजरेत दिसतं. आणि दोनवरून एकवर घसरलेलेही दिसतात, तेही प्रामाणिकपणे मांडायचे. मार्लिस हॉर्स्ट आणि पॉल मीरा यांनी १९९९ मध्ये याच तऱ्हेने एका माणसाचं वाचन तपासलं होतं. त्याने डच भाषेतलं एक कॉमिक बुक आठवड्याला एकदा असं पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी ३०० शब्दांना स्वतःच शून्य ते तीन दिले. एकाच माणसावर अभ्यास होऊ शकतो का, अशी शंका असेल तर हे एक उदाहरण. पिगाडा आणि श्मिट यांचा २००६ चा अभ्यासही एकाच माणसाचा, फ्रेंच शिकणाऱ्याचा: महिनाभराचं वाचन, १३३ शब्द, आणि त्यातल्या सुमारे ६५ टक्के शब्दांच्या बाबतीत काही ना काही प्रगती. कुणाचं स्पेलिंग पक्कं झालं, कुणाचा अर्थ.

शेवटी कार्डं पुनरावृत्तीप्रमाणे वेगळी करा: एकदाच आलेले, दोन ते चार वेळा, पाच किंवा जास्त. तीन महिन्यांनी उरलेले शब्द कुठल्या ढिगात जास्त आहेत ते बघा. माझ्या ढिगांत तरी पाचवाले ठळकपणे टिकून होते, एकदावाले बहुतेक गळालेले. त्यानंतर मी एकाच लेखकाची दोन-तीन पुस्तकं पाठोपाठ घ्यायला लागलो. प्रत्येक लेखकाचे लाडके शब्द असतात, ते पुन्हा पुन्हा भेटतात. भाषाशिक्षणातले स्टीफन क्रॅशन हेच फार पूर्वीपासून सांगतायत.

इंग्रजी सोडून दुसरी भाषा असेल तर

आमच्या सोसायटीतले केरळी शेजारी मराठी गोष्टी वाचतात. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाबद्दल, ते १८९३ पासूनचं आहे हे, मला त्यांनीच कौतुकाने सांगितलं. माझी कार्डं पाहून त्यांनाही मोजायची हुक्की आली. मराठीसाठी दोन गोष्टी बदलाव्या लागल्या. एक म्हणजे संगणकाची यादी जशीच्या तशी चालत नाही. 'घर', 'घराला', 'घरातून', 'घरापर्यंतच्या' हे त्याला वेगवेगळे शब्द वाटतात, त्यामुळे पाच वेळा आलेला शब्दही पाच ठिकाणी एकेकदा आल्यासारखा दिसतो. मूळ शब्दाची सुरुवातीची अक्षरं टाकून शोधायचं आणि हाताने मोजायचं. सामान्यरूपात मूळच बदलतं, तिथे दोनदा शोधायचं. 'पाऊस' शोधून 'पावसात' सापडणार नाही.

दुसरं म्हणजे संस्कृतातून आलेले शब्द. 'विश्वास', 'प्रयत्न', 'समुद्र' असे शब्द मल्याळममध्येही थोड्या फरकाने आहेत, ते त्यांना वाचायच्या आधीच येत होते. असे शब्द यादीत भरले तर पहिल्याच बैठकीत आकडा वर जातो आणि वाढायला जागाच राहत नाही. गुजराती किंवा कन्नड वाचणाऱ्या मराठी माणसालाही हेच लागू. यादीत घ्यायचे ते 'चिवट', 'धांदल', 'उसासा', 'हिरमुसणे' असले घरगुती शब्द. शेजाऱ्यांच्या परीक्षकाचं काम माझ्याकडे आलंय. 'धांदल'ला त्यांनी तीन सांगितले आणि वाक्य करून दाखवलं: "सकाळी सात-वीसच्या गाडीला लेडीज डब्यापाशी धांदल असते." मी तीन लिहिले.

वहीत प्रत्येक पुस्तकाला एकच पान द्या. वर पुस्तकाचं नाव आणि साधारण पानं, तिन्ही बैठकांच्या तारखा, परीक्षक कोण, शब्दकोश उघडला का, वाचलं कुठे आणि किती दिवसांत. मध्ये तो चौकोन. खाली तीन आकडे: पुस्तकातले, पुस्तकात नसलेले, बनावट. वर्षाला दोन पुस्तकांपेक्षा जास्त मोजू नका. बाकीची नुसती वाचा, कार्डांशिवाय.